अक्षराला पोट सुटतं तेव्हा

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर गाडी लावू नये, ही गोष्ट मी गेली तीन वर्षं जगाला सांगतो आहे. तोंडी सांगून झालं, लेखी सांगून झालं, एकदा एका मोटारीच्या काचेवर डिंकाने कागद चिकटवूनही सांगून झालं. त्या वेळी मोटारवाल्याने मला खाली बोलावलं, ओला फडका हातात दिला आणि कागद पुरता निघेपर्यंत शेजारी उभा राहून 'काका, तो कोपरा राहिला' म्हणत होता. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझा दरारा हा एवढा.

कारण मला ठाऊक आहे. मी चौऱ्याण्णव किलोचा आहे आणि ते चौऱ्याण्णव किलो अंगावर सगळीकडे सारखे वाटलेले नाहीत. गाल भरलेले, मान बेताची, पोट पुढे. मी रागावलो की माझे गाल थरथरतात आणि समोरच्याला हसू येतं. बँकेत होतो तेव्हा थकलेल्या कर्जाच्या वसुलीला मला एकदाच पाठवलं. कर्जदाराच्या बायकोने शिरा केला होता. साहेबांनी पुन्हा काही पाठवलं नाही. मी तयार होतो.

तर दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो, डिझाइनचं काहीतरी करतो. तो एका संध्याकाळी जिन्याखालच्या नोटीस बोर्डापुढे थांबला आणि माझी पार्किंगची सूचना वाचू लागला असं मला वाटलं. तो वाचत नव्हता, बघत होता. हा फरक मला पुढे कळला.

"काका, हे तुम्ही मंगलमध्ये केलंय?"

"नाही रे, बुधवारी केलंय."

मग कळलं की मंगल हे त्या अक्षराचं नाव. माझ्या कॉम्प्युटरात ते आपोआप उमटतं म्हणून मी कधी चौकशी केली नव्हती. र. कृ. जोशी, आयआयटी मुंबईत शिकवणारे मोठे अक्षरकार आणि कवी, त्यांनी ते मायक्रोसॉफ्टसाठी केलेलं. सज्जन, सरळ, पडद्यावर नीट वाचता यावं म्हणून बेतलेलं अक्षर. आणि मी त्या मंगलमध्ये आजवर काय काय टाइप केलं होतं? 'उद्या पाणी येणार नाही', 'लिफ्ट बंद आहे', आणि तीनदा 'दुःखद निधन'. बिचाऱ्याने कधी तोंड वाकडं केलं नाही.

"तोच तर प्रॉब्लेम आहे काका," मुलगा म्हणाला. "याच्या चेहऱ्यावर काही नाहीये. लोक बघतच नाहीत. तुम्हाला एक्स्प्रेसिव्ह टाइपफेस हवा."

"म्हणजे फॉन्ट?"

त्याने डोळे मिटले. मी बँकेत 'पासबुक' म्हणायच्या ऐवजी 'पास-बुकलेट' म्हणणाऱ्या खातेदाराकडे असाच बघत असे. टाइपफेस आणि फॉन्ट यांतला फरक त्याने मला वीस मिनिटं समजावला. मला जे समजलं ते असं: टाइपफेस म्हणजे घराणं आणि फॉन्ट म्हणजे त्या घराण्यातला आज प्रत्यक्ष गायला बसलेला गवई. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "तसंच काहीतरी." डिझाइनवाल्यांनी 'तसंच काहीतरी' म्हटलं की आपलं चुकलेलं असतं.

दोन दिवसांत त्याने पाटी करून आणली. पिवळीधमक. वर इंग्रजीत 'नो पार्किंग प्लीज', खाली मराठीत 'कृपया येथे गाडी लावू नये'. 'प्लीज' आणि 'कृपया' हे शब्द त्याचे. मी असलं काही तीन वर्षांत म्हटलेलं नाही. पण पाटी पाहून मी जरा वेळ बोललोच नाही. कारण त्या पाटीवर मीच होतो.

म्हणजे फोटो नव्हे. अक्षरं. प्रत्येक अक्षराला पोट होतं. जाडजूड, काळंभोर, गोलमटोल आणि कुठेही टोक म्हणून नाही. इंग्रजी अक्षरांच्या पायांशी जी छोटी आडवी टोकं असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, तीसुद्धा इथे वितळून गुबगुबीत झालेली. आणि त्यातला 'ओ'! तो सरळ उभा नव्हताच. आतलं भोक किंचित मागे कललेलं, जेवण झाल्यावर माणूस आरामखुर्चीत मागे रेलतो तसं. आमच्या सौभाग्यवती पाटी पाहून म्हणाल्या, "अगंबाई, हे तर रविवार दुपारचे तुम्ही."

या अक्षराचं नाव कूपर ब्लॅक.

आता सेरिफ ही काय भानगड आहे, हे मी माझ्यापुरतं लावून घेतलंय. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, त्यामुळे त्यांच्या पायात काय आहे याला महत्त्व. सेरिफ नसलेली अक्षरं अनवाणी. हल्लीच्या सगळ्या ॲपवरची अक्षरं अशी, देवळात आल्यासारखी. टाइम्स रोमन म्हणजे पॉलिश केलेले काळे बूट घालून कचेरीत निघालेला गृहस्थ. बोडोनी टाच उंच करून लग्नाला निघालेली. आणि कूपर ब्लॅकच्या पायात कापूस भरलेल्या सपाता. सपाता घातलेल्या माणसाला तुम्ही कधी घाबरलात?

आपली देवनागरी अक्षरं तर उभीच राहत नाहीत, लोंबतात. वरच्या शिरोरेषेला धरून, लोकलमध्ये कडीला धरून माणसं लोंबतात तशी. (मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून खरोखरच एक टाइपफेस केलेला आहे, त्याचं नाव 'यात्रा'. शोध लावायला मी नेहमीच एक पायरी उशिरा पोचतो.) तेव्हा देवनागरीला सपाता कुठे घालणार? तिला जाड करायचं तर अंगानेच. आणि ते मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या अक्षरं घडवणाऱ्या मंडळींनी करून ठेवलंय. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी एक अक्षर घडवलं आणि त्याला, दुसरं कुठलं नाव देणार, 'मोदक' म्हटलं. आमच्या पाटीवरची मराठी ओळ त्या मोदकात होती.

मोदक हे अक्षर एकदा जवळून पाहाच. रेघ इतकी जाड की अक्षराच्या आतली पोकळी जवळजवळ मिटते. 'ब'च्या पोटात काय उरतं? एक फट. 'थ'च्या आत? अर्धी फट. नेहमी आपण काळी रेघ बघून अक्षर ओळखतो, इथे पांढरी फट बघून ओळखायचं. त्यात आपली देवनागरी म्हणजे वर मात्रा, खाली उकार, मध्येच जोडाक्षरं. 'ष्ठ'ला जाड करायचं म्हणजे एका रिक्षात पाच जण बसवून कोणाचीही इस्त्री मोडू द्यायची नाही. ते त्यांनी केलंय. सरकारने या कामासाठी काही द्यायला हवं, निदान जोडाक्षरामागे काही भत्ता.

तर पाटी लागली. परिणाम त्याच दिवशी दिसला. संध्याकाळी फाटकासमोर तीन गाड्या. चौथी एक स्कूटर, तिच्यावरून एक बाई उतरल्या, पाटीपुढे मुलाला उभं केलं आणि फोटो काढला. मी धावत गेलो. "ताई, इथे गाडी लावायची नाही."

"हो हो, वाचलं ना. किती गोड पाटी आहे! कुठून केलीत?"

मी पत्ता सांगितला. माझा स्वभाव.

हे असं का झालं म्हणून मी त्या कूपरच्या मागे लागलो. निवृत्त माणसाला एवढा वेळ असतो. हा कूपर म्हणजे ओस्वाल्ड ब्रूस कूपर, जवळचे लोक ऑझ म्हणत. १८७९ साली अमेरिकेतल्या ओहायोत जन्मला, कॅन्सासच्या कॉफीव्हिल नावाच्या गावात वाढला. शाळा अर्धी टाकून छापखान्यात उमेदवारीला लागला. आपल्याकडे अशा पोराला 'वाया गेला' म्हणतात आणि पुढे तो पुढारी झाला की 'अनुभवाच्या शाळेत शिकला' म्हणतात. मग तो शिकागोला गेला, चित्रं शिकायला. तिथे एका चित्रशाळेत फ्रेडरिक गाउडी अक्षरं शिकवत असे. पोराच्या लक्षात आलं की आपल्याला चित्रं जमत नाहीत, पण चित्राखालची अक्षरं जमतात. किती जणांना आयुष्यात एवढं वेळेवर कळतं?

१९०४ साली फ्रेड बर्ट्श नावाच्या गृहस्थाबरोबर त्याने दुकान काढलं. जाहिरातींची अक्षरं हाताने काढून द्यायची. बर्ट्शने गिऱ्हाईक आणायचं, कूपरने मान खाली घालून अक्षरं काढायची. त्याची अक्षरं लोकांना एवढी आवडली की शिकागोतल्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने, म्हणजे आपल्या जुन्या छापखान्याच्या भाषेत खिळे पाडणाऱ्या कारखान्याने, त्याला टाइप करून मागितला. आधी आला तो साधा, सडपातळ कूपर. आणि काही वर्षांतच, १९२२ साली, आला कूपर ब्लॅक. म्हणजे तोच माणूस, तेच नाव, फक्त मध्ये काही वर्षं गेली आणि असं झालं. आमच्या लग्नाचा आल्बम पाहिलात तर हा इतिहास तुम्हाला वेगळा शिकावा लागणार नाही.

सोवळ्यातल्या मुद्रकांनी नाकं मुरडली. या अक्षराला त्यांनी नावच ठेवलं, 'काळं संकट'. पण गिऱ्हाइकं रांग लावून उभी. कूपरने यावर जे म्हटलं त्याचा आशय असा, की हे अक्षर दूरदृष्टीच्या छापखानेवाल्यांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना जवळचंच दिसतं. हा माणूस चुकून अमेरिकेत जन्मला. सदाशिव पेठेत सहज खपला असता. कूपरचा माल एवढा उठला की दुसऱ्या कंपन्यांना दम निघेना, आणि त्यांच्यापैकी मोनोटाइप कंपनीने 'आम्हालाही असंच एखादं जाडं करून द्या' म्हणून कोणाला गाठलं असेल? गाउडीला. कूपरच्या गुरुजींना. गुरुजींनीही १९२५ साली आपलं अक्षर लठ्ठ करून दिलं. गुरूला शिष्याच्या पोटाशी बरोबरी करावी लागली, असा प्रसंग मला तरी दुसरा माहीत नाही.

मला या जाडेपणाचं तंत्र मात्र फार आवडलं. गोल अक्षर जर चौकोनी अक्षराएवढंच उंच काढलं तर ते डोळ्याला बुटकं दिसतं. म्हणून 'ओ' नेहमी ओळीच्या थोडा वर आणि थोडा खाली, बाहेर काढावा लागतो. ओळीच्या बाहेर गेल्याशिवाय तो ओळीत दिसत नाही. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून पलंगावर उताणा पडलो. सोसायटीच्या वार्षिक फोटोत मी नेहमी रांगेच्या पुढे आलेला दिसतो, चेअरमन दरवर्षी 'जरा मागे व्हा' म्हणतात. मागे झालो तर मी दिसणारच नाही, हे त्यांना कोण सांगणार?

कूपर ब्लॅकचं पुढचं चरित्र पाहिलं तर या अक्षराला कोणी कधी गंभीरपणे घेतलेलं नाही आणि म्हणूनच त्याला सगळीकडे बोलावणं येतं. १९६६ साली बीच बॉइज या अमेरिकन गायकमंडळींनी 'पेट साउंड्स' नावाची तबकडी काढली, तिच्या वेष्टणावर हेच अक्षर आणि खाली ती मंडळी शेळ्यांना खायला घालताहेत. शेळ्यांच्या वर दुसरं कुठलं अक्षर शोभलं असतं, सांगा. १९७० च्या दशकात टीशर्टवर इस्त्रीने चिकटवायची अक्षरं निघाली, त्यातही हेच, कारण धुऊन धुऊन कडा झिजल्या तरी मुळातच गोल असल्यामुळे काही बिघडत नसे. (हे कारण माझं. पण बरोबर वाटतं.) १९९५ साली इंग्लंडात ईझीजेट ही स्वस्त विमान कंपनी निघाली, तिने नारिंगी रंगावर पांढऱ्या कूपर ब्लॅकमध्ये नाव लिहिलं. विमान म्हणजे भीतीची गोष्ट. जमिनीपासून दहा किलोमीटर वर, खाली काही नाही. अशा वेळी शेपटीवर धारदार अक्षर असेल तर पोटात गोळा येतो. सपाता घातलेलं असेल तर वाटतं, चला, घरचाच माणूस चालवतोय.

पण मला मनापासून पटला तो बीबीसीचा उपयोग. १९६८ साली त्यांनी 'डॅड्स आर्मी' ही विनोदी मालिका सुरू केली. दुसरं महायुद्ध चालू आहे, तरुण सगळे आघाडीवर गेलेले, आणि मागे राहिलेले म्हातारे गावाचं रक्षण करायला बंदुका घेऊन कवायत करताहेत. तिचं शीर्षक कूपर ब्लॅकमध्ये. नाव वाचताक्षणी प्रेक्षकाला कळतं की हिटलर आला तरी ही मंडळी आधी चहा घेतील. आमची सोसायटीची कमिटी तंतोतंत.

एवढं कळल्यावर मी रस्त्याने जाताना पाट्या वाचणं सोडून बघायला लागलो. तोटा असा की कामं राहतात. दाताच्या दवाखान्यावर धारदार, टोकदार अक्षर पाहिलं आणि माझी दाढ आपोआप बरी झाली. एका सराफाच्या दुकानावर इतकं नाजूक, उंच टाचेचं अक्षर की दर विचारायचं धाडस होईना. आमच्या चौकातला फ्लेक्सवाला तर एकच अक्षर सगळ्याला वापरतो. भाऊंचा वाढदिवस असो, आखाड्यातली कुस्ती असो वा भावपूर्ण श्रद्धांजली, तेच ते सोनेरी, फुगलेलं, मागे सावली असलेलं. परवा एका श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर सावली इतकी झळाळत होती की मी क्षणभर अभिनंदन करायला निघालो होतो. अंत्यविधीचं सामान विकणाऱ्याने मोदकात पाटी केली तर काय होईल, याचा विचार मी दोन रात्री केला. तिसऱ्या रात्री सौभाग्यवतींनी झोपायची खोली बदलली.

या वेडाचा एक फायदा झाला, तो मात्र सांगायला हवा. मुलाने मला बजावलं होतं की ही डिस्प्लेची अक्षरं आहेत. डिस्प्ले म्हणजे मोठ्या आकारात चार शब्द बोलायचे आणि गप्प बसायचं. लांबलचक मजकूर त्यात लावायचा नाही. म्हणजे हे अक्षर समारंभाच्या प्रमुख पाहुण्यासारखं. नारळ फोडेपर्यंत ठीक, भाषणाला उभं केलं की गेलो. पण मला राहवेना. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेची सगळी टिपणं, मेंटेनन्स वाढवण्याच्या ठरावासकट, मी मोदकात लावली. दहा पॉइंटात. आणि प्रिंटची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स.

झेरॉक्स मशीनला या अक्षरांच्या फटी दिसल्याच नाहीत. तिने सगळ्या बुजवल्या. कागदावर काय आलं? काळ्या द्राक्षांचे घोस. ओळीच्या ओळी. 'ठराव क्रमांक ४' हे काळ्या मण्यांच्या माळेसारखं दिसत होतं. सभेत प्रत्येकाने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ घेतला, चष्मा काढला, घातला. वाचता येत नाही असं म्हणायची कोणाची तयारी नव्हती, कारण साठीच्या पुढच्या माणसाला तो कागदाचा दोष वाटत नाही, मोतीबिंदूचा वाटतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी, जे दरवर्षी प्रत्येक ठरावाला तीन दुरुस्त्या सुचवतात, कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "ठीक आहे." मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढला. सभा सतरा मिनिटांत संपली. बटाटेवडे गरम असताना संपलेली सोसायटीच्या इतिहासातली ही पहिली सभा.

पार्किंग मात्र तसंच होतं. लोक येत, पाटीकडे बघून हसत, गाडी लावून जात. पाटी जणू म्हणत होती, असू दे, दोन मिनिटं लावा, आपलंच घर आहे. शब्द 'नको' म्हणताहेत आणि चेहरा 'या' म्हणतोय. आमच्याकडे जेवायला आलेल्या पाहुण्यांना मी नेहमी याच्या उलट करतो.

मग ठरवलं, आता जुन्या वळणाने जायचं. मंडईमागे एक बोर्ड पेंटर आहेत. सत्तरीचे. पूर्वी नाटकांचे बोर्ड रंगवायचे. त्यांच्या दुकानात कमल शेडगे यांनी काढलेल्या नाटकांच्या नावांची वर्तमानपत्रातली कात्रणं अजून भिंतीला आहेत, कडा तपकिरी पडलेल्या. शेडगे २०२० साली गेले. "त्यांनी काढलेलं नाटकाचं नुसतं नाव पाहून कळायचं," पेंटर म्हणाले, "तिकीट काढायचं की रुमाल घेऊन तिकीट काढायचं."

मी मजकूर सांगितला. 'येथे गाडी लावू नये.'

"किती रागावलेली पाहिजे?"

मी चपापलो. आजवर मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"म्हणजे असं, साहेब," ते म्हणाले, "साधी नाराजी, अपमान, की पोलिस?"

"अपमान," मी म्हणालो.

त्यांनी पत्र्याचा तुकडा पुढे ओढला. पांढरा ऑइल पेंट आधीच मारलेला होता. खडूत घोळलेली दोरी दोन्ही टोकांना ताणली, मधोमध उचलून सोडली, टप्, आणि शिरोरेषेची जागा उमटली. एक काठी पत्र्यावर टेकवली, त्यावर मनगट ठेवलं आणि लांब केसांचा ब्रश काळ्या रंगात बुडवून डबीच्या कडेला पुसला. मी बोलत होतो, ते ऐकत नव्हते. 'य' आला. त्याचं पोट कुठे आहे म्हणून मी वाकून पाहिलं. नव्हतंच. पोटाच्या जागी एक कोपरा होता, त्याने कागद कापता आला असता. 'थ'ची गाठ आवळलेली. 'डी'ची वेलांटी वरून येऊन असा फटका मारून थांबली होती, की माझी आजी स्वयंपाकघरातून 'कोण रे ते' म्हणायची त्याची आठवण झाली. 'नये' शेवटी आलं. 'ये'वरची मात्रा त्यांनी एका झटक्यात मागे ओढली आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकला.

"अक्षराचे पैसे वेगळे," ते म्हणाले. "'कृपया' घातला नाही ते बरं केलंत, तीन अक्षरं वाचली."

पुणेरी पाट्या एवढ्या तोडून बोलणाऱ्या का असतात, यावर माझा एक सिद्धांत तेव्हाच तयार झाला. पेंटर अक्षरावर पैसे घेत असत. बाकी स्वभाव वगैरे नंतर चिकटलेला.

नवी पाटी लावली. पिवळी पाटी मुलाने मागून घेतली, आता त्याच्या खोलीत लावली आहे म्हणे. आणि चमत्कार झाला. पहिल्या दिवशी एकही गाडी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी एक मोटार आली, तिचा वेग कमी झाला, चालकाने काच खाली केली, पाटी पाहिली, काच वर केली आणि निघून गेला. मी गॅलरीतून बघत होतो. मी स्वतः भाजी घेऊन आलो तेव्हा फाटकाशी थबकलो, पाटीकडे बघितलं आणि उगाचच पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पोस्टमनने सायकल पलीकडच्या फुटपाथवर लावली. वकीलसाहेब म्हणाले, "कोणाचं पत्र आलंय का? पाटी जरा जास्त वाटते." मी चार दिवस ताठ मानेने फिरलो. माझ्या मानेच्या मानाने ताठ.

पाचव्या दिवशी सकाळी फाटकासमोर, पाटीच्या बरोबर खाली, एक लाल मोटार. मी बनियनवरच खाली उतरलो. ओरडायचे शब्द जिन्यातच जुळवले होते, 'अहो, डोळे आहेत का', इथपासून सुरुवात. काचेच्या आत, समोरच, एक छापील कागद ठेवलेला होता. पिवळा. इंग्रजीत एकच शब्द, 'सॉरी', आणि खाली बारीक अक्षरात, काका, दहा मिनिटं, आईला स्टेशनवर सोडायचंय, सामान उतरवतोय.

कूपर ब्लॅकमध्ये.

मी वाकलो. काचेला नाक लावून बघितलं. त्यातला 'ओ' मागे रेलून बसला होता. जाड, निवांत, आत एवढीशी तिरपी फट. थोडा ओळीखाली उतरलेला, थोडा वर गेलेला. काचेत माझं प्रतिबिंबही पडलं होतं, बरोबर त्या 'ओ'च्या शेजारी.

"काका, काढतो हं, काढतो," मागून आवाज आला. दोन्ही हातांत बॅगा.

"असू दे," मी म्हणालो. "ती जड बॅग इकडे दे."